ओव्हरमध्ये न सांगितलेला कागद

सरकारनं मला दोनदा शिकवलं. पहिल्यांदा जवळजवळ फुकट, आणि दुसऱ्यांदा तर पगार देऊन. माझ्या गावाकडे, केळीच्या पट्ट्यात, बायका अजून म्हणतात की पोरीनं गेल्या जन्मी काहीतरी पुण्य केलं असेल. पुण्याचा इथे काही संबंध नाही. दुसऱ्या वेळची जागा माझी नव्हती. ती माझ्याच वॉर्डातल्या एका सिनियर सिस्टरची होती आणि ती मी घेतली. हे मी शांतपणे लिहिते आहे. चहा बाजूला ठेवलाय, तोही पिते आहे.

पहिलं शिक्षण बारावीनंतरचं. साडेतीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, सरकारी हॉस्टेल, थोडंफार विद्यावेतन. वडिलांनी फॉर्म भरला तो शेजारच्या पोरीला नोकरी लागली म्हणून. मला नर्स व्हायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पास झाले, भरती निघाली, धुळ्याच्या एका सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डला लागले. तिथे अक्का होत्या.

अक्का शिंदखेड्याकडच्या. वॉर्डात सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणतात, त्यांना मात्र मेट्रनसुद्धा अक्का म्हणायच्या. पेशंटशी, नातेवाइकांशी, डॉक्टरांशी त्या अहिराणीतच बोलायच्या. पुण्याहून आलेला शिकाऊ डॉक्टर पहिल्या आठवड्यात बावचळायचा आणि दुसऱ्या आठवड्यात 'काय व्हई राह्यनं' म्हणून पेशंटला विचारायला लागायचा. मला त्यांनी पहिल्या दिवशी शीर शोधायला शिकवली. डोळ्यांनी शोधू नको, म्हणाल्या, बोटानं शोध. शिकाऊ मुली त्यांच्यामागे असायच्या. नर्सिंग स्कूलच्या मॅडम फळ्यावर जे तासभर शिकवायच्या ते अक्का एका खाटेपाशी पाच मिनिटांत दाखवायच्या. आणि त्यांना तेच व्हायचं होतं, मॅडम. शिकवणारी सिस्टर.

त्यासाठी पदवी लागते. डिप्लोमा झालेल्या, नोकरीत असलेल्या नर्सेससाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. सरकार काही जागा राखून ठेवतं, निवड झालेल्या नर्सला प्रतिनियुक्तीवर पाठवतं, पगार चालू ठेवतं. सेवाज्येष्ठता बघतात, वयाची अट असते. आमच्याकडे तशी जागा दर वर्षी येत नसे. आली तर एक. अक्कांनी एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये सगळी कागदपत्रं लावून ठेवली होती. दहावीपासूनची गुणपत्रकं, नोंदणी, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, साक्षांकित केलेल्या. साक्षांकनाची तारीख जुनी झाली की त्या नव्यानं करून आणायच्या. ती फाईल वॉर्डातल्या त्यांच्या कपाटात, ॲप्रनच्या खाली असायची. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही चेष्टाही करायचो की अक्कांच्या पोरीचं लग्न ठरेल पण यांचा कागद काही येणार नाही.

कागद म्हणजे परिपत्रक. ऑफिसातून शिपाई एक लांबट वही घेऊन यायचा. त्यात परिपत्रकं चिकटवलेली, खाली सगळ्यांची नावं, नावापुढे 'पाहिले' लिहून सही करायची. आता हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं आणि सगळ्या अंगठा दाखवून मोकळ्या होतात. तेव्हा वही होती. शिपाई यायचा तोही नेमका सलाईन लावायच्या वेळी. एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्या हातानं सही. काय पाहिलं हे देवालाच माहीत. गणवेश नीट घाला, हजेरी वेळेवर लावा, अमुक दिवस साजरा करा, नव्वद टक्के तेच असायचं. वाचणारी एकटी मीच. अभ्यासू म्हणून नाही, मला छापलेलं काहीही वाचायची खोड आहे, पुडीचा कागदसुद्धा वाचते.

म्हणून अक्कांनी ते काम मला लावून दिलं होतं. "माले चष्मा लागस, आनि आठे हात रिकामा नही. तू वाचीसन सांगत जाय," म्हणाल्या होत्या. मी सांगत होते. चार-पाच वर्षं सांगितलं. ड्युटी बदलताना त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला, "कागद उना का वं?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "नाही अक्का."

ड्युटी बदलताना जे होतं त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. जाणारी नर्स येणारीला ओव्हर देते. दोघी खाटेखाटेनं चालतात. हिला ताप होता, उतरला. हिची लघवी कमी आहे, लक्ष ठेव. हिचा नवरा दारू पिऊन येतो, संध्याकाळी वॉचमनला सांगून ठेव. मग औषधांचं कपाट, मग वही, मग किल्ल्या. किल्ल्या हातात पडल्या की वॉर्ड तुमचा. तोपर्यंत तो जाणारीचा असतो, मग तिची बस चुकली तरी. अक्कांचा एक नियम होता, तो त्यांनी प्रत्येक शिकाऊ पोरीला सांगितला असेल. "ओव्हरमा जे सांगं नही, ते आपला आंगवर." पेशंटला पुढे काही झालं आणि तुम्ही ते सांगितलं नव्हतं, तर घरी झोपलेल्या असलात तरी जबाबदार तुम्ही.

त्या श्रावणात अक्का कानबाईसाठी, त्यांच्या कुळदेवीच्या सणासाठी, गावाला गेल्या. आमच्या पूर्वेकडे, केळीच्या पट्ट्यात, ते एवढं नसतं, पण त्यांच्याकडे कानबाईच्या नैवेद्याचे रोट म्हणजे सगळी भाऊबंदकी एका छताखाली, नोकरीवाल्यानं रजा नाही मिळाली तर राजीनामा द्यावा इतकं मोठं. अक्का चार दिवस नव्हत्या. सोमवारी वही आली. मी सकाळपाळीला होते, पाच नंबरच्या म्हातारीचं सलाईन संपत आलं होतं. मी उभ्याउभ्या वाचलं. पदवी अभ्यासक्रम, सेवांतर्गत उमेदवार, रुग्णालयातून एक जागा. आठ दिवसांत अर्ज करावा, न केल्यास इच्छुक नाही असे गृहीत धरण्यात येईल. वयाची अट खाली होती. मी अक्कांचं वय मनात मोजलं. ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं.

आनंद झाला मला. खरंच झाला, अक्कांसाठी. मी म्हातारीचं सलाईन बदललं आणि बदलता बदलता मनात आलं की अक्का नसत्या तर ज्येष्ठतेत पुढची मीच, बाकीच्या सिनियर काही घरदार सोडून दोन वर्षं शिकायला जाणाऱ्या नव्हत्या. बस, एवढंच आलं. वाईट विचार येताना काही ढोल-ताशे वाजत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माझ्या झेरॉक्स काढून आणल्या. कशाला काढल्या, मला विचाराल तर सांगता येणार नाही. असू द्याव्यात म्हणून.

बुधवारी अक्का दुपारपाळीला आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, पायाला प्रवासाची धूळ, हातात डबा. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ले, खाय. रोट शेतस."

रोट बाहेरच्याला देत नाहीत. कुळातल्यांनीच खायचे असतात, उरले तरी बाहेर जाऊ देत नाहीत. मला हे माहीत होतं आणि मी तसं म्हणालेही. अक्का ॲप्रनची नाडी बांधत म्हणाल्या, "तू मना घरनीच शे."

मग आम्ही ओव्हरला निघालो. मी नीट ओव्हर दिला. आजही तो ओव्हर मला खाटेखाटेनं आठवतो. एक नंबरला दम्याची बाई, ऑक्सिजन कमी केलेला. तीन नंबरची सकाळी घरी गेली. पाच नंबरची म्हातारी जेवत नाही, तिला दूध द्या. अकरा नंबरच्या पोरीला साखर तपासायची आहे चार वाजता. औषधांचं कपाट झालं. टेबलापाशी आलो. अक्कांनी विचारलं, "काय नवीन शे वहीमा?"

राहिलेल्या सह्यांसाठी शिपायानं वही वॉर्डातच ठेवली होती, ती मी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांच्या नावासमोर बोट ठेवलं. म्हणाले, "नेहमीचंच आहे. सही करा."

त्यांनी 'पाहिले' लिहिलं आणि सही केली. खाली वेळ टाकली, दोन वाजून दहा मिनिटं. वेळ टाकायची त्यांची सवय होती, दुसरं कुणी टाकत नसे. मग हात पुढे केला आणि मी किल्ल्या दिल्या. कागद आला का, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. वहीचं विचारलं त्यातच आलं, असं त्यांना वाटलं असणार.

मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. भूक लागली होती. मी डबा घेऊन नर्सेसच्या खोलीत गेले आणि रोट खाल्ले. पुरणाचे होते, वर तूप होतं. सगळे खाल्ले आणि डबा घासून ठेवला.

मुदत संपायला पाच दिवस होते. मी रोज त्यांना भेटत होते. रोज वाटायचं आज सांगू, पण आता सांगायचं म्हणजे बुधवारी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं, आणि एक दिवस गेला की ते आणखी अवघड व्हायचं. शेवटच्या दिवशी मी अर्ज दिला. मेट्रननी चष्म्यावरून बघितलं. "अक्का नाही करत अर्ज?"

"त्यांनी परिपत्रक पाहिलंय, मॅडम. सही आहे."

यात एक शब्द खोटा नव्हता. मेट्रन म्हणाल्या, अक्कांनी पोरीचं लग्न काढलंय बहुतेक, आणि शिक्का मारला.

निवडीचा आदेश महिन्याभरानं आला. तो वहीत नव्हता, शिपायानं तोंडी बातमी आणली आणि सगळ्या वॉर्डासमोर पेढे मागितले. अक्का अकरा नंबरच्या खाटेची चादर बदलत होत्या. त्यांनी कोपरा घडी करून गादीखाली घातला, दुसरा घातला, मग आल्या. म्हणाल्या, "कागद कधळ उना व्हता?"

"तुम्ही कानबाईला गेला होतात तेव्हा," मी म्हणाले. "वहीत सही आहे तुमची."

त्या ऑफिसात गेल्या. मला वाटलं आता येऊन बोलतील, ओरडतील. मी तयार होते, काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. दहा मिनिटांनी परत आल्या. हातात काही नव्हतं. टेबलापाशी बसल्या आणि पेन हातात घेऊन चार्ट भरायला लागल्या. तो भरून झाल्यावर, मान वर न करता म्हणाल्या, "मनीच सही शे. टाईम बी मनाच शे. मीच वाचं नही."

तिथे मी बोलायला हवं होतं. बारा नंबरनं हाक मारली आणि मी गेले.

अक्कांनी पुढच्या वर्षीसाठी वयात सवलत मिळते का, याची चौकशी केली. मिळत नव्हती. प्लास्टिकची फाईल कपाटातून एक दिवस दिसेनाशी झाली. मला निरोप द्यायच्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "जाय, शिकी ले. आपला वॉर्डमाईन कोनी तरी गयं ना." पण त्या दिवशी डबा आणला नव्हता. पुढच्या श्रावणातही रोट आले नाहीत, मी तेव्हा दूर होते, त्यामुळे त्याचा काही अर्थ लावू नये असं मी स्वतःला सांगितलं.

दोन वर्षं शिकले. अभ्यास करत होते, पगार येत होता, चांगल्या मार्कांनी पास झाले. आनंद होत नव्हता, दुःखही होत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी. मला वाटलं होतं उतरेल. मग जळगावला शिकवायच्या पदावर नेमणूक मिळाली. मुली मला मॅडम म्हणतात. पहिल्या वर्षाला ओव्हर कसा द्यायचा हे मीच शिकवते आणि अक्कांचा नियम शब्दशः सांगते, फक्त प्रमाण मराठीत. मुली वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात. परीक्षेत कधीकधी मीच तो प्रश्न काढते.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे सेवेतल्या नर्सेससाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. धुळ्याहून आलेल्यांच्या यादीत अक्कांचं नाव होतं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. चार महिन्यांसाठी कुणी नवीन काय शिकवणार, पण ऑफिसला आकडा भरायचा असतो, दुसरी कुणी यायला तयार नसते, मग सिनियरला पाठवतात. अक्का पहिल्या रांगेत बसल्या. केस पांढरे झाले होते. चष्मा आता साखळीला बांधून गळ्यात होता. मी वर्गात शिरले तेव्हा त्या इतर बायांबरोबर उठून उभ्या राहिल्या. मी "बसा, बसा" म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तिसऱ्या दिवशी माझा विषय ओव्हरचाच होता. वेळापत्रक मी केलं नव्हतं. मी इंग्रजी नावाचं काहीतरी नवीन तंत्र शिकवत होते, चार पायऱ्या, चार अक्षरं. एका तरुण सिस्टरनं विचारलं की एखादी गोष्ट सांगायची राहून गेली तर काय करायचं. मी उत्तर देणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "ते आपला आंगवर." सगळ्या हसल्या. अक्का शेजारणीला म्हणाल्या, "हिले मी शिकाडेल शे." त्यात टोमणा आहे का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. अभिमान होता बहुतेक. मला नक्की सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. मिळाल्याची सही घ्यायला रजिस्टर फिरवलं. बाया रांगेत होत्या, प्रत्येकीला बस गाठायची होती, भुसावळवाल्यांची तर गाडीची वेळ झाली होती. नाव दिसलं की सही, पुढे. अक्कांचा नंबर आला. मी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं आणि सवयीनं त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हलकेच बाजूला केलं. चष्मा लावला. पानाच्या अगदी वरपासून, प्रशिक्षणाचं नाव, ठिकाण, खाली एकेक नाव, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मागच्या बाया चुळबुळायला लागल्या. धुळ्याची एक सिस्टर मला हसत म्हणाली, "त्यांचं असंच आहे मॅडम. कितीही घाई असो, वाचल्याशिवाय सही नाही. आमच्याकडचा शिपाई वैतागलाय." मग अक्कांनी सही केली आणि खाली वेळ टाकली.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. तसं कुणी कुणाला सोडायला जात नाही. धुळ्याची बस लागलेली होती, चालक चहा पीत होता. सिमेंटच्या बाकावर आम्ही बसलो. मुलीचं लग्न झालं, नातू आहे, गुडघे दुखतात, एवढं बोलून झालं. मी म्हणाले, "अक्का, मला एक सांगायचंय. तो कागद मी वाचला होता. त्या बुधवारी ओव्हर देताना मला माहीत होतं. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

अकरा वर्षं मी हे वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं जुळवलं होतं. कधी त्यात माफी होती, कधी कारणं होती. बाहेर आलं ते एवढंच आलं.

अक्कांनी पदर सारखा केला. पिशवीचं बंद तोंड पुन्हा बांधलं. त्यांना आधीच ठाऊक होतं की आत्ता कळलं, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. चालक चहाचा कप ठेवून बसकडे निघाला तशा त्या उठल्या. माझ्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "मनी ड्युटी सरनी वं माय. आते हाऊ ओव्हर मी कसा लेऊ?"

मी हात पुढे केला, पिशवी चढवायला. पिशवी त्यांनी स्वतःच उचलली.

मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर बधिरपणा उतरेल, निदान रडू येईल. काहीच आलं नाही. मी बाकाजवळ उभी होते. अक्कांना खिडकीची जागा मिळाली. बस चालू होऊन थरथरत उभी होती, वाहक तिकिटं फाडत मागे मागे सरकत होता. त्यानं अक्कांच्या हातात तिकीट दिलं. त्यांनी गळ्यातला चष्मा लावला आणि तिकीट वाचायला लागल्या. एक बाजू वाचून झाली, मग उलटून दुसरी. बस हलली तेव्हा त्या अजून वाचतच होत्या.